तेरा तास रिकामं पोट आणि ‘चंचल’ मुलगा

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून एका आईने पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. शाळा सकाळी ७.२० ला भरते, रिक्षाकाका ६.५० ला दारात येतात. वर्गशिक्षिकांनी पालकसभेत सांगितलं की तो हुशार आहे पण फार चंचल आहे. पहिल्या तासाला जांभया देतो, तिसऱ्या तासाला बाकावरून उठतो, शेजारच्याचं खोडरबर पळवतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवून घेतो. घरी अभ्यासाला बसवलं की दहा मिनिटांत पाणी, शू आणि पेन्सिलीला टोक. जेसीबीची चित्रं काढायला बसला मात्र की तासभर जागचा हलत नाही. सकाळी चहात दोन बिस्किटं बुडवून खातो, दुसरं काही घशाखाली उतरत नाही. डबा १०.१५ च्या सुट्टीत, आणि तोही बऱ्याचदा अर्धा परत येतो. रात्री बाबा आल्यावर सव्वानऊला जेवण, झोपायला अकरा. सासूबाई म्हणतात, साखर बंद करा, रोज भिजवलेले बदाम द्या. नवरा म्हणतो, दोन फटके बसले की सरळ होईल. शेजारणीने दुधात घालायची एक ‘मेंदूची’ पावडर आणि एकाग्रतेचा क्लास सुचवला आहे. आईंनी इंटरनेटवर बघून एक प्रयोगही केला. मुलासमोर चॉकलेट ठेवलं आणि सांगितलं, पंधरा मिनिटं थांबलास तर आणखी एक देईन. दोन मिनिटांत चॉकलेट संपलं. “त्याच्याकडे संयमच नाही हे त्या दिवशी कळलं आणि मला रडू आलं,” असं त्या लिहितात. जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पाच वर्षांची धाकटी बहीण दादाचा खाऊ शिल्लक राहू देत नाही. आणि दुसरीच्या वार्षिक परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली तर सायकल घेऊ असं त्याला कबूल केलं होतं, श्रेणी मिळाली, सायकल राहून गेली. त्यांचा प्रश्न असा: त्याचा स्वभावच असा आहे का, आणि असेल तर तो बदलायला त्याला काय खायला घालू?

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची माहिती तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात, ती म्हणजे घरातल्या वेळा. रात्री सव्वानऊला जेवण आणि सकाळी सव्वादहाला डबा. मधे तेरा तास, आणि त्यात चहात बुडवलेली दोन बिस्किटं. आता बाईंच्या तक्रारी या वेळांच्या शेजारी ठेवून बघा. पहिल्या तासाला जांभया, तिसऱ्या तासाला चुळबूळ. तिसरा तास म्हणजे नऊच्या आसपास. त्या वेळी त्याच्या पोटात जवळजवळ काही नसतं आणि सुट्टीला अजून तासभर अवकाश असतो. म्हणून त्याच्या स्वभावाचा निकाल लावण्याआधी बाईंना एवढंच विचारा की डबा खाऊन झाल्यानंतरच्या तासांना तो कसा असतो, आणि ज्या दिवशी डबा पूर्ण संपतो त्या दिवशी काही फरक दिसतो का. दोन आठवडे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर एवढीच खूण करून ठेवली तरी पुष्कळ झालं. दिवसभर सारखंच चंचल असणं वेगळं आणि ठरावीक तासांना चंचल होणं वेगळं. त्यांचे उपायही वेगळे आहेत.

लहान मुलाच्या मेंदूची भूक किती असते याची आपल्याला मोठेपणी कल्पना राहत नाही. पाच वर्षांच्या आसपास, शरीर विश्रांती घेत असताना जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यातला जवळपास दोन-तृतीयांश वाटा एकटा मेंदू वापरतो. मोठ्या माणसात हाच वाटा सुमारे एक-पंचमांश असतो. आठव्या वर्षी तो मुलाच्या बाबतीत थोडा उतरू लागलेला असला तरी आपल्यापेक्षा खूप जास्त असतो. दुसरीकडे मुलाच्या लहानशा यकृतात साखरेचा साठाही कमीच मावतो. तुम्ही सकाळी नुसत्या चहावर दहापर्यंत काम रेटू शकता, म्हणून तोही रेटू शकेल असं समजू नका. आणि या वयाची मुलं ‘मला भूक लागली आहे’ असं वर्गात क्वचितच सांगतात. प्राथमिकचे वर्ग घेताना मी कायम पाहिलं आहे की भुकेलेलं मूल रडवेलं होतं, खोड्या काढतं, नाहीतर खिडकीबाहेर बघत बसतं, आणि शेरा पडतो तो वागणुकीचा.

लक्ष देणं म्हणजे काय, तेही जरा जवळून बघू या. बाई गणित सांगतात. मुलाला त्यातले आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात, शेजारच्या मुलाची कुजबुज बाजूला सारावी लागते आणि उठून पळावंसं वाटत असताना बसून राहावं लागतं. ही तिन्ही कामं मेंदूचा कपाळामागचा भाग करतो. तो भाग सगळ्यांत शेवटी, विशी उलटल्यावर कधीतरी पक्का होतो, आणि भूक, झोप, आजारपण, धास्ती यांचा फटका त्यालाच लवकर बसतो. त्यामुळे अन्न, एकाग्रता आणि संयम हे तीन वेगळे विषय नाहीत. तुम्ही पहिलं विचारलंत, बाईंनी दुसऱ्याबद्दल तक्रार केली आणि तुमचे यजमान तिसऱ्यावर उपाय सांगताहेत, पण तिघंही एकाच गोष्टीबद्दल बोलताय.

मग उद्यापासून न्याहारी सुरू केली की झालं का? एवढं सोपं नाही. जमैकातल्या ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये १९९० च्या दशकात मुलांना शालेय वर्षभर सकाळची न्याहारी देऊन बघितली गेली. हजेरी थोडी वाढली आणि लहान वर्गातल्या मुलांचं गणित सुधारलं. सुधारणा खरी होती, पण बेताची होती. पोट भरलेलं असलं म्हणजे मूल शिकायला तयार होतं, शिकवायचं काम त्यानंतर उरतंच. तरीही मी तुम्हाला इथूनच सुरुवात करायला सांगेन, कारण हे तुमच्या हातात आहे आणि यात कोणाचं नुकसान नाही.

पण सुरुवात सकाळच्या ताटापासून करू नका, आदल्या रात्रीपासून करा. सकाळी त्याला काही जात नाही असं तुम्ही लिहिता. अकरा वाजता झोपून सहा वाजता उठवलेल्या मुलाला भूक कशी लागेल? ही सात तासांची झोप झाली. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते, असं बालरोगतज्ज्ञ आणि निद्रातज्ज्ञ सांगतात. तुमचा मुलगा रोज किमान दोन तास मागे पडतो आहे. पहिल्या तासाच्या जांभयांचं कारण शोधायला आणखी कुठे जायला नको. मोठं माणूस झोप कमी झाली की पेंगतं. लहान मूल पुष्कळदा उलट वागतं, जास्तच उड्या मारतं. त्यामुळे अपुऱ्या झोपेचं मूल आणि ‘अतिचंचल’ मूल बाहेरून अगदी सारखी दिसतात.

इथे तुमच्यापुढे खरी अडचण आहे, याची मला जाणीव आहे. बाबा रात्री नऊला येतात आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं ही घरातली चांगली रीत आहे. ती मोडा असं सांगताना मलाही बरं वाटत नाही. तरी शाळेच्या दिवसांत मुलांचं जेवण साडेसातला आणि झोप नऊला, एवढं करा. बाबांसोबतचं जेवण शनिवार-रविवारी ठेवा, आणि शक्य असेल तर सकाळची न्याहारी बाबांनी द्यावी. वीस मिनिटं बाप-लेक समोरासमोर बसून खातील. तुमचं सकाळचं एक काम कमी होईल, आणि त्याला बाबा अर्धवट झोपेत नव्हे तर जागेपणी मिळतील. जेवण लवकर झालं म्हणजे रात्रीचं अंतर आणखी वाढेल हे खरंय. म्हणून झोपताना अर्धा कप दूध किंवा एक केळं चालेल. पण झोप पुरी झाली की सहा-सात दिवसांत सकाळची भूक आपोआप जागी होते. तोपर्यंत आग्रह करून कोंबू नका.

या ठिकाणी एक गोष्ट सगळ्याच पालकांसाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत. मुलांची झोप पुरी होत नाही हेच त्यामागचं कारण. दोन सत्रं, कमी खोल्या, वाहनांची सोय अशा अडचणी सांगून अजूनही कितीतरी शाळा सकाळीच भरतात. त्या अडचणी खोट्या नसतात. पण पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा निर्णय नावानिशी मांडा. एकट्या आईने विचारलं तर ती गाऱ्हाणं सांगते असं वाटतं, पंधरा पालकांनी लेखी विचारलं की उत्तर द्यावं लागतं. वेळ बदलणं जमणारच नसेल, तर पहिल्या दोन तासांनंतर पाच मिनिटांची ‘खाऊची सुट्टी’ तरी मागा.

आता ताटाकडे येऊ. सकाळी सव्वासहाला थालीपीठ लावत बसा असं मी सांगणार नाही. दूध-पोळी कुस्करून, रात्रीच्या पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी, मऊ भात आणि वरण, नाचणीची आंबील, चालत असेल तर उकडलेलं अंडं, यातलं काहीही चालेल. पहिल्या आठवड्यात चार घास गेले तरी पुरे. रिक्षात खायला हातात एक शेंगदाण्याचा लाडू द्या. चहा मात्र बंद करा. तो फक्त भूक मारतो असं नाही, चहातले घटक अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत, आणि लोहाबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. डबा अर्धा का येतो तेही त्याला न रागावता विचारा. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत मुलांना हात धुवायचे असतात, गप्पा मारायच्या असतात आणि खेळायलाही जायचं असतं. कोरडी पोळी आणि वेगळी भाजी खायला वेळ लागतो. तीच भाजी पोळीत गुंडाळून दोन तुकडे करून दिली की संपते.

सासूबाईंच्या दोन्ही गोष्टींत थोडं थोडं तथ्य आहे. साखर खाल्ली की मुलं उधळतात हा समज आपल्याकडेच नाही, जगभर आहे, आणि तो नीट तपासलाही गेला आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या आयांना सांगितलं गेलं की तुमच्या मुलाला आता भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात कोणालाच साखर दिली नव्हती, पेयात फक्त गोडी आणणारा पर्यायी पदार्थ होता. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त धिंगाणा घालताना दिसली, आणि त्या मुलांना जास्त टोकू लागल्या. पुढच्याच वर्षी अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर किंवा आकलनावर परिणाम दिसला नाही. मला यातला आयांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मूल कसं आहे हे आपण आधी ठरवलं, की आपल्याला तेच दिसत राहतं. तरीही साखर कमी करा, दातांसाठी आणि वजनासाठी, आणि मुख्य म्हणजे बिस्किटांनी पोटातली जागा अडवली की भाकरी-उसळीला ती उरत नाही म्हणून.

बदाम चांगलेच आहेत, पण ते स्मरणशक्ती वाढवतात म्हणून घरखर्चाला ताण देऊन आणू नका. शंभर ग्रॅम बदामांत साधारण एकवीस ग्रॅम प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस. आपल्या मातीतला भुईमूग पुरेसा आहे. पावडरीबद्दल एवढंच सांगते की आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं त्या नावाखाली विकू नका असं कळवलं. डब्याच्या मागे घटकांची यादी असते. जो घटक सर्वांत जास्त, तो आधी लिहावा लागतो. साखर कितव्या क्रमांकावर आहे ते बघा आणि मग ठरवा.

तुम्ही विचारलंत, काय खायला घालू. एकच पदार्थ सांगता येणार नाही, पण एक कमतरता मात्र नक्की तपासून घ्या, ती म्हणजे लोहाची. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. त्यात पाच ते नऊ वर्षांच्या जवळपास दर चार मुलांमागे एकाला रक्तक्षय आढळला. ही फक्त गरीब घरांतली गोष्ट नाही, दूध-बिस्किटांवर वाढणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या मुलांतही तो सापडतो. लोह रक्तासाठी लागतं हे आपल्याला माहीत असतं. पण मेंदूतले संदेश वाहून नेणारी रसायनं बनवायला आणि मज्जातंतूंचं आवरण तयार व्हायलाही ते लागतं. लोह कमी असलेलं मूल लवकर थकतं, चिडतं, एका गोष्टीवर टिकत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. शरीरातला लोहाचा साठा त्याच्या आधीच रिकामा होऊ लागतो, म्हणून डॉक्टरांना फेरिटिनची तपासणी गरजेची आहे का तेही विचारा. दुकानातून टॉनिक आणून स्वतःच सुरू करू नका, जास्तीचं लोह लहान मुलांना घातक ठरतं.

घरात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. अळिवाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो, ते मुलांनाही द्या, फक्त छोटे आणि रोज नको. नाचणी, राजगिरा, मटकी-चवळीच्या उसळी, मेथी, आणि या सगळ्यांवर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबू-आवळ्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-कडधान्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. दिवसात चार-चार कप दूध देणाऱ्या आयांना मी मुद्दाम सांगते की दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्याने पोट भरतं. जंतांचंही लक्षात ठेवा. शाळा-अंगणवाड्यांमधून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी ‘आमच्याकडे स्वच्छता असते’ म्हणून नाकारू नका. सरकारी शाळांतून पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी देण्याचा कार्यक्रमही आहे. ती मिळते का, आणि मूल ती गिळतं का, ते विचारा.

आता तुमच्या चॉकलेटच्या प्रयोगाकडे. तुम्हाला रडू आलं हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण त्या प्रयोगातून तुम्ही काढलेला निष्कर्ष बरोबर नाही.

हा प्रयोग मूळचा वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत तो सुरू झाला. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात सरस ठरली, अशी त्याची कीर्ती झाली. २०१८ मध्ये तो नऊशेहून जास्त मुलांवर, वेगवेगळ्या थरांतल्या घरांतल्या मुलांवर, पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती आणि लहानपणचा बौद्धिक विकास हिशेबात घेतला तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध अगदी थोडा उरला. पण तुमच्यासाठी मला २०१३ चा एक प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आधी सांगितलं गेलं, थांबा, मी तुमच्यासाठी आणखी छान खडू घेऊन येते. काही मुलांना ते मिळाले. काहींना बाईंनी परत येऊन सांगितलं, माफ करा, नाहीयेत. त्यानंतर गोड खाऊचा प्रयोग केला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना शब्द देऊन तो मोडला होता ती तीन मिनिटं.

ताई, तुमच्या मुलाच्या जागी बसून बघा. समोर ठेवलेला खाऊ लगेच खाल्ला नाही तर धाकटी संपवते, हा त्याचा रोजचा अनुभव. आणि ‘अमुक केलंस तर सायकल’ या वचनाचं काय झालं तेही त्याला ठाऊक आहे. त्याने आपलं काम केलं होतं. दोन मिनिटांत चॉकलेट खाऊन टाकणं हा त्या घरात राहणाऱ्या मुलाचा शहाणा हिशेब आहे. सायकल न घेण्यामागे पैशांचं कारण असेल, असतंच. पण ते त्याला सांगितलं गेलं आहे का? आज संध्याकाळी त्याला जवळ बसवून सांगा की तुझी सायकल आमच्या लक्षात आहे, ती अमुक महिन्यात येईल. महिना असा सांगा जो तुम्ही पाळू शकाल. जुनी, दुसऱ्याने वापरलेली चालणार असेल तर तसंही त्याला विचारा. आणि त्याच्या खाऊसाठी एक डबा त्याच्या नावाचा, धाकटीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. थांबलं तर मिळतं, हे कळायला मुलाला ते पुन्हा पुन्हा घडताना दिसावं लागतं.

संयमाला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आजवर पाठपुरावा केला जातो आहे. लहानपणी ज्यांच्यात संयम जास्त होता त्यांची मोठेपणी तब्येत आणि आर्थिक घडी बरी असलेली तिथे दिसली. पण तो संयम आई-वडील, शिक्षक आणि निरीक्षकांनी तिसऱ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत पाहून नोंदवला होता, एका दुपारच्या चॉकलेटवरून नव्हे. शिवाय ज्यांचा संयम वाढत्या वयात सुधारला, त्यांचं पुढचं आयुष्यही सुधारलं. तुमचा मुलगा आत्ता आठ वर्षांचा आहे.

क्लासचं काय? पैसे वाचवा. लक्षात ठेवण्याचे संगणकीय सराव करून मुलं त्या सरावात तरबेज होतात, पण ते कसब वर्गातल्या गणित-भाषेत उतरत नाही, असं २०१३ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसलं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा कोणी करत असेल तर तिथे फिरकूही नका. ती मुलं नाकाजवळच्या फटीतून बघत असतात. त्याऐवजी संध्याकाळी त्याला अंगणात खेळू द्या. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ तुम्हालाही आठवत असेल. शिवाजी म्हणतो असं म्हटलं तरच करायचं, नाहीतर हात जागचा हलवायचा नाही. मुलांचा संयम मोजायला संशोधक जवळजवळ असाच खेळ वापरतात, ‘डोक्याला हात लावा’ म्हटलं की पायाला लावायचा. विषामृत, स्टॅच्यू, लंगडी, सगळ्यांत हेच आहे: मनात आलेली हालचाल रोखायची आणि नियम डोक्यात धरायचा. धाकटीलाही त्यात घ्या.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. माराने मूल बसतं, शिकत नाही. मार बसेल का याकडे ज्याचं अर्धं मन लागलेलं आहे, त्याच्याकडे गणितासाठी अर्धंच मन उरतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. जे बाईंनी केलेलं आपल्याला चालणार नाही ते घरी कसं चालेल? त्यांच्या मनात काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. त्या काळजीचं काहीतरी करायचं असेल तर सकाळच्या न्याहारीचं काम त्यांच्याकडे आहेच.

जेसीबीची चित्रं तासभर काढणारा मुलगा लक्ष देऊ शकतो, हे उघड आहे. मग फळ्यावरचं अर्धं का राहतं? दोन साध्या शक्यता आधी तपासा. एक, डोळे. नंबर असलेलं मूल ‘मला दिसत नाही’ असं म्हणत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत असते. दुसरी, वाचन. दुसरीच्या पुस्तकातला न वाचलेला एखादा उतारा त्याला मोठ्याने वाचायला द्या. अडखळत, अक्षर अक्षर जुळवत वाचत असेल तर वर्गात त्याचं लक्ष उडत नाही, त्याला झेपत नाही. हे फार मुलांचं होतं. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. अशा मुलाला रोज पंधरा मिनिटं सोबत बसून वाचून घेणं, हेच त्याच्या एकाग्रतेचं औषध आहे. घरचा अभ्यासही दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून द्या, आणि एका वेळी एकच सूचना करा. ‘हात धू, दप्तर भर, डबा टाक, मग बस’ यातली शेवटची एकच त्याच्या लक्षात राहते.

ज्या वाचकांची मुलं जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत आहेत त्यांना शाळेतला पोषण आहार हा मोठा आधार आहे. प्राथमिकच्या मुलाला त्यातून रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेलं ताजं अन्नच द्या असा आदेश दिला तेव्हापासून तो मुलांचा हक्क आहे. तरी काही घरांतून ‘शाळेतलं खाऊ नको, घरी येऊन जेव’ असं सांगितलं जातं. कृपा करून असं सांगू नका. मुलाने पंगतीत बसून जेवावं, आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन अन्नाची चव घ्यावी, डाळ पातळ असेल तर तिथेच बोलावं. पालकांनी चव बघणं हा त्या योजनेचाच भाग आहे. सकाळी उपाशी येणाऱ्या मुलासाठी दुपारचं ताट उशिराचं ठरतं, म्हणून घरून निघताना काहीतरी खाऊन निघणं इथेही तितकंच गरजेचं.

ताई, एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका. तुम्ही नोकरी आणि दोन मुलं सांभाळता आहात. या आठवड्यात झोपेची वेळ आणि सायकलबद्दलचं बोलणं. पुढच्या आठवड्यात चहा बंद आणि न्याहारी सुरू, त्यातच डोळ्यांची आणि रक्ताची तपासणी. मग सहा आठवडे थांबा. लोह कमी निघालं आणि औषध सुरू झालं तर फरक दिसायला याहून जास्त वेळ लागेल, हेही धरून चाला.

झोप, पोट, रक्त, डोळे, वाचन सगळं ठीक करूनही तो घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ असाच राहिला तर बालरोगतज्ज्ञांकडून बालविकास तज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्या. काही मुलांमध्ये लक्ष न टिकणं हा मेंदूच्या वाढीतलाच फरक असतो. आवडीच्या कामात ती तासभर रमतात, म्हणून जेसीबीच्या चित्रांवरून ती शक्यता बाद होत नाही. तसं निघालं तर त्यावर चांगले उपचार आहेत आणि त्यात आईचा काही दोष नसतो. तज्ज्ञांकडे जाताना बाईंनी केलेली दोन आठवड्यांची नोंद, रक्ताचा अहवाल आणि त्याच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहिलेला कागद बरोबर न्या. पहिल्याच भेटीत ते हेच विचारतील.